ओठाखालचं आमिष

१

घरामागच्या जुन्या सौनाघरात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, मी माश्या पाळते. मासे नव्हे, माश्या. हिरव्या चकचकीत पाठीच्या, जाड, उन्हाळ्यात मेलेल्या जनावरावर घोंघावतात त्या. तिथली शेगडी मंद धगधगत ठेवली की बाहेर उणे पंचवीस असलं तरी त्यांना जून महिना वाटतो. त्या अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या निघतात, अळ्या आठवडाभर खातात आणि शिजलेल्या शिताएवढ्या झाल्या की मी त्या चाळून, लाकडाच्या भुशात घालून, तळघरात थंडाव्याला ठेवते. गार जागेत त्या पेंगतात. हाताची ऊब लागली की वळवळायला लागतात.

ही वळवळच लोकांना हवी असते. आमचा कोर्पियार्वी तलाव नोव्हेंबरात गोठतो तो एप्रिल सरेपर्यंत. फिनलंडच्या या कोपऱ्यात करमणूक म्हणजे तेवढीच. अर्धं गाव गिरमिटाने बर्फाला भोकं पाडून बुटक्या स्टुलावर बसलेलं असतं. हिवाळ्यात पर्च मासा इतका सुस्त असतो की मेलेलं आमिष नाकाशी नेलं तरी ढुंकून बघत नाही. जिवंत अळी मात्र त्याला सोडवत नाही.

हा उद्योग माझ्या भावाचा, ताइस्तोचा. मला सुरुवातीला त्या वासाने मळमळायचं. तो गेल्यावर मी माश्या मारून टाकणार होते, पण तेही हातून होईना. त्याने जगवलेलं तेवढंच उरलं होतं. गावातल्या बायका माशांची आतडी बादलीतून आणून देतात, त्यात कोंडा कालवून मी अळ्यांना घालते. ते मासे कुठल्या पाण्यातले, त्यांनी तळाशी काय खाल्लं असेल, हा विचार मी कधी पुढे जाऊ दिला नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी एक डबी उघडली, तर सगळ्या अळ्या एका कडेला. भुसा मोकळा आणि त्या मात्र एकीला एक चिकटून, सगळ्यांची टोकदार तोंडं एकाच बाजूला. चर्चमध्ये वेदीकडे तोंड करून माणसं बसतात तशी.

दुसरी डबी उघडली. तिसरी उघडली. सगळीकडे तेच, आणि बाजूही तीच.

तळघराच्या त्या भिंतीत फट असेल, वारा येत असेल, असं म्हणून मी झाकणं लावली.

२

ताइस्तो दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये गेला. सकाळी तो उर्पोबरोबर तलावावर गेला आणि दुपारी उर्पो एकटाच परत आला.

उर्पो आमच्या मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष. तो आणि ताइस्तो शाळेत एका बाकावर बसलेले. धिप्पाड माणूस, बोलायला लागला की समोरच्याला आपलंच चुकलं असं वाटायला लावणारा. त्याने पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं की ताइस्तो सकाळपासून बाटली घेऊन बसला होता. नको नको म्हणत असताना पुलाखालच्या पातळ बर्फावर गेला. आपण दुसऱ्या टोकाला होतो, काही ऐकू आलं नाही.

पुलाखाली तलाव चिंचोळा होतो आणि पाण्याला ओढ असते. तीन दिवस शोधलं. त्याचं स्टूल सापडलं आणि पाठपिशवी. तो सापडला नाही.

ताइस्तोने अकरा वर्षं दारूला हात लावला नव्हता. शेवटची बाटली त्याने माझ्यासमोर सौनाघराच्या तापलेल्या दगडांवर ओतली होती. मी हे सांगितलं, तर लोक मान हलवून म्हणाले, "सुटत नाही गं ती सवय." प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबांनीसुद्धा "मोहाला बळी पडलेला आपला बंधू" म्हटलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. उर्पो माझ्या शेजारी होता आणि त्याने माझा हात हातात घेतला होता.

तो अळ्या माझ्याकडूनच घ्यायचा. त्या जानेवारीत, डबीतला प्रकार दिसल्यावर चार दिवसांनी, सकाळी आला.

"राइली, चांगल्या वळवळत्या दे बघ. मागच्या जरा आळशी होत्या."

"तुझ्या गळाला लागून आळशी झाल्या असतील," मी म्हटलं.

तो हसला. मी डबी टेबलावर ठेवून झाकण काढलं. अळ्या पेंगत होत्या. मग एकेक हलायला लागली. सगळ्या त्याच्या बाजूच्या कडेला निघाल्या, एकमेकींच्या अंगावर चढल्या, आणि काठाशी त्यांचा बोटभर उंच ढीग झाला.

"हाताला माशांचा वास आहे माझ्या," उर्पो म्हणाला. "ओळखतात बघ मालकाला."

त्याने हात पाठीमागे घेतला आणि कॉफीच्या किटलीपाशी जाऊन उभा राहिला. ढीग कोसळला, पुन्हा हलला आणि किटलीच्या बाजूला उभा राहिला.

उर्पोने ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. डबी घेतली, झाकण घट्ट दाबलं आणि कॉफी न पिता गेला.

३

मी वेडी नाही. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे. दोनशे पोरांच्या सूपचं मीठ कधी चुकलं नाही. म्हणून मी नीट तपासायचं ठरवलं.

अळ्यांना उजेड नको असतो. तेव्हा डबी घोंगडीत गुंडाळून खोलीच्या मधोमध खुर्चीवर ठेवली. शेगडी विझवली. खिडकीच्या फटीत कापूस भरला. तासाने पाहिलं तर अळ्या वायव्येच्या कडेला. खुर्ची फिरवली. पुन्हा वायव्येला. चर्चच्या पलीकडे, वायव्येला उर्पोचं घर आहे.

शेजारची हिल्का म्हातारी दिवसभर खिडकीत बसते. तिला मी म्हटलं, "उर्पोची गाडी इकडून गेली तर वेळ लिहून ठेव."

"का गं? लग्नबिग्न करतेस की काय त्याच्याशी?"

"तू लिही तर खरं."

संध्याकाळी तिने कागद दिला. सकाळी नऊ चाळीसला तो पंपाकडे गेला, म्हणजे दक्षिणेला. अकराला परत आला. माझ्या वहीत मी लिहिलं होतं: पावणेदहाला अळ्या दक्षिणेच्या कडेला. सव्वाअकराला पुन्हा वायव्येला.

मी तिचा कागद आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवून वेळा पुन्हा जुळवल्या. मोटारीच्या हादऱ्याने होत असेल असं म्हणून पाहिलं. पण दिवसभरात पंचवीस मोटारी जातात. घरात इतकी शांतता होती की डबीतला भुसा सरकल्याचा आवाज ऐकू यायचा. बारीक, कुणी कपड्यांची घडी घालत असल्यासारखा.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर दोन वर्षांत पहिल्यांदा मला घरात कुणी सोबतीला आहे असं वाटलं.

मार्चमध्ये मंडळाची स्पर्धा असते. त्यासाठी मी एक डबी वेगळी काढली. त्यातल्या अळ्यांना चार दिवस काही घातलं नाही.

४

स्पर्धेच्या रविवारी उणे अठरा होतं. ऊन लख्ख, आणि बर्फ असा की डोळे उघडवत नव्हते. चाळीसेक माणसं पांगून बसली होती. उर्पोने माझ्याकडून ती डबी घेतली, दातांनी हातमोजा काढला आणि पाच-सहा अळ्या खालच्या ओठाच्या आत ठेवल्या. आमच्याकडे जुनी माणसं तसंच करतात. बाहेर अळी दोन मिनिटांत गोठून काडी होते. तोंडात ऊबदार राहते.

"राइली, जिंकलो तर पहिला मासा तुला," तो ओठ न हलवता म्हणाला.

मी आणि हिल्का त्याच्यापासून तीस पावलांवर बसलो. दहाला शिट्टी झाली. उर्पोला मासे लागत होते, एकामागून एक. तो ओठातली अळी काढी, गळाला लावी, दोर सोडी, पट्ट्यापट्ट्यांचा पर्च वर ओढी. तासाभरात त्याच्याभोवती मासेच मासे पडले. बघायला माणसं येऊन गेली.

मग हिल्काने थर्मासचं झाकण लावता लावता विचारलं, "उर्पोला कोण हाका मारतंय गं?"

मीही ऐकलं होतं. हळू, लांबून आल्यासारखं. "उर्पो. अरे उर्पो. इकडे बघ."

तो आवाज मी ओळखला, पण ओळखल्याचं कबूल करायला मला वेळ लागला. जवळपास कुणी नव्हतं. मी उर्पोकडे पाहिलं. तो स्टुलावर ताठ बसला होता, गळ हातात तसाच. त्याचे ओठ हलत होते. तो स्वतःच्याच नावाने हाका मारत होता, आणि त्याचे डोळे मात्र ते ऐकणाऱ्या माणसाचे होते.

त्याने हातमोजा तोंडावर दाबला. मग काहीतरी सुचल्यासारखं डबीत बोटं घातली आणि मूठभर अळ्या तोंडात कोंबल्या. हाका थांबल्या. तो छाती वरखाली करत बसून राहिला.

ओठाखालच्या अळ्या गळाला लावून संपल्या, तेव्हा ते सुरू झालं होतं. तोंडात जिवंत काही असेतो ते गप्प राही. हे मला कळलं त्याच क्षणी त्यालाही कळलं असावं. तो थुंकीसुद्धा गिळेना. पण तोंडातली ऊब किती पुरणार आणि माणूस किती वेळ दात मिटून बसणार. दहा मिनिटांनी त्याला खोकला आला. तोंडातल्या अळ्या बर्फावर पडल्या, आणि डबीही कलंडली.

अळ्या पांढऱ्या बर्फावर पसरल्या. उलट्या दिशेला एकही गेली नाही. त्याच्या बुटांकडे सरकत राहिल्या आणि सरकता सरकता गोठत गेल्या. सगळ्यात पुढची त्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर थांबली. उर्पोने गुडघ्यांवर बसून त्या वेचल्या, तोंडात घातल्या, चावल्या. मेलेल्यांनी काही झालं नाही.

"उर्पो," त्याचं तोंड म्हणालं, आता मोठ्याने, "दोर टाक."

दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. उर्पो उठला. त्याची मोटार पुलाच्या पलीकडे उभी होती. माणसांपासून लांब जायला आणि मोटारीशी पोचायला तो सगळ्यात जवळचा रस्ता होता. तोंडावर हात दाबून तो पुलाखालच्या चिंचोळ्या भागाकडे चालायला लागला, मग पळायला.

मी पाठपिशवी उचलली आणि त्याच्या मागे निघाले.

५

पुलाखाली बर्फावर हिम नव्हतं. वाऱ्याने ते झाडून नेलं होतं आणि काचेसारखा काळा बर्फ उघडा पडला होता. उर्पो त्यावर वीस पावलं गेला आणि मग आवाज आला. जाड कापड फाटल्यासारखा, फार मोठा नाही. तो छातीपर्यंत आत गेला.

त्याच्या गळ्यात लोखंडी टोचण्यांची जोडी होती. बर्फात पडलं की त्या दोन्ही हातांनी काठावर रोवून वर यायचं असतं; पोरापोरांना ठाऊक असतं. पण त्याचा एक हात पुन्हा पुन्हा तोंडाकडे जात होता.

मी पोटावर आडवी झाले आणि सरपटत पुढे गेले. पाठपिशवीतला दोर काढून हातात धरला. आमच्यात सहा हातांचं अंतर राहिलं.

"उर्पो, दोर टाक," तो म्हणाला. "अरे, हात बधिर झाले. बघ ना इकडे."

आवाज ताइस्तोचा. थंडीने जड झालेली जीभ, पण शुद्धीत असलेल्या, न प्यायलेल्या माणसाचा आवाज. मी तो दोन वर्षं मनात ऐकायचा प्रयत्न केला होता आणि दर महिन्याला तो थोडा पुसट होत गेला होता.

"मी उर्पो नाही," मी म्हटलं. "तू आहेस."

त्याने माझ्या हातातल्या दोराकडे पाहिलं.

"ऐकलं होतंस ना तू हे? सांग. त्याच्या आवाजात नको. तुझ्या."

तोंड पुन्हा हाका मारायला लागलं. मी दोर मुठीत गुंडाळला. मागून माणसांच्या पळण्याचा थरथराट बर्फातून माझ्या पोटाला कळत होता, पण कुणी फार पुढे येत नव्हतं. उर्पोने स्वतःचा खालचा ओठ दातांत धरला आणि असा चावला की हनुवटीवर रक्त आलं. मग त्याचा स्वतःचा आवाज फुटला.

"ऐकलं होतं."

"कुठे होतास?"

"वीस पावलांवर. मला भीती वाटली, राइली. पाठ करून बसलो. थांबेल म्हटलं."

"किती वेळ?"

"खूप वेळ."

"आणि बाटली?"

तो रडत होता. "माझी होती. त्याने घोटसुद्धा घेतला नव्हता."

मी मागे पाहिलं. मंडळाचा पंच, पाद्रीबाबा, आणखी सात-आठ जण उभे होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरीही मी दोर लगेच टाकला नाही. किती थांबले, ते मला सांगता येणार नाही. पंचाला माझं नाव घेऊन दोनदा ओरडावं लागलं, एवढं आठवतं.

मग टाकला. उर्पोने मनगटाला वेढा घेतला. मागच्यांनी माझे पाय धरले आणि ओढायला लागले. तो येईना. सहा माणसं ओढत होती आणि दोर असा ताणला होता की त्यातून पाण्याचे थेंब उडत होते. माझा गाल बर्फावर दाबला गेला होता. त्या काळ्या काचेतून खाली काही दिसायचं कारण नव्हतं.

फिकट असं काहीतरी उर्पोच्या पायांकडून माझ्याकडे आलं. घाई न करता. माझ्या खाली थांबलं. बर्फाला खालून एक तळवा टेकला, माझ्या तळव्याच्या अगदी समोर. बोटं फाकलेली होती. त्यामागे तोंडासारखी एक काळी जागा होती आणि तिच्यात पांढरं, बारीक, पुष्कळसं काही हलत होतं.

दोर एकदम सैल झाला. उर्पो सरकत बाहेर आला, आणि पुन्हा खाली पाहिलं तेव्हा बर्फ नुसता काळा होता.

"काही दिसलं का?" पंचाने विचारलं. माझा चेहरा पाहून विचारलं असेल.

"पाणी," मी म्हटलं.

६

त्यानंतर पाद्रीबाबांनी चर्चमध्ये ताइस्तोचं नाव पुन्हा घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी आपण चुकीचं बोललो हे सगळ्यांसमोर सांगितलं. हिल्का रडली. मंडळाने नवा अध्यक्ष नेमला. पंपावर उर्पो दिसला की लोक कप घेऊन दुसऱ्या टेबलाशी जातात. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर ताइस्तो सापडला. पुलाखाली नव्हे, तलावाच्या थेट दुसऱ्या टोकाला, लव्हाळ्यांत, दोन कोसांवर. डॉक्टर म्हणाले, पहिल्या उन्हाळ्यापासून तिथेच असणार. मी मान हलवली. त्याला आईशेजारी पुरलं.

बर्फ गेला की अळ्यांना गिऱ्हाईक नसतं. मी सौनाघराची शेगडी विझवायला घेतली होती, त्या सकाळी दार वाजलं. उर्पो होता. निम्मा झालेला. गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला, मेच्या उन्हात. त्याने कागदावर लिहून आणलं होतं: आहेत का?

मी आत घेतलं. तळघरातली शेवटची डबी आणून टेबलावर ठेवली. अळ्या ढीग करून त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्याने चार घेतल्या, गळपट्ट्याखाली सारल्या आणि डोळे मिटून श्वास सोडला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

त्याने मान हलवली. दाखवलं होतं. तोंडात काही सापडलं नव्हतं.

शेगडी मी विझवली नाही. आता ऑगस्ट आहे, आणि मी एका माणसासाठी माश्या पाळते. तो रोज सकाळी आठला येतो. पहिले काही दिवस मी त्याला लगेच डबी देत असे. नंतर एकदा कॉफी ओतण्यात वेळ गेला, तेवढ्यात त्याच्या तोंडात जिवंत काही उरलं नाही आणि माझ्या स्वयंपाकघरात ताइस्तो बोलला. मी कपाटाशी उभी होते. मागे वळले नाही. वळले नाही तोवर ताइस्तो खुर्चीत बसला आहे असंच वाटत राहिलं.

तेव्हापासून मी डबी समोर ठेवते, पण झाकणावर हात असतो माझा. "गळपट्टा काढ," म्हणते. "थोडं थांबू."

उर्पो थांबतो. दुसरं करणार काय. आधी पाव तास थांबायचा, आता तास होतो. तेच शब्द येतात: उर्पो, इकडे बघ, दोर टाक. मी कॉफी पिते आणि ऐकते. उर्पोचे डोळे माझ्या हातावर असतात आणि त्यांतून पाणी गळत असतं.

काल मात्र त्या आवाजाने दोर मागितला नाही. म्हणाला, "राइली, पुरे कर आता."

मी कप खाली ठेवला. ताइस्तो म्हणाला असेल. किंवा उर्पोला आता तो आवाज वापरायला जमला असेल. मी उर्पोच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ओळखायला काही मार्ग नव्हता. आमच्या दोघांमध्ये डबीतला भुसा हळू सरकत होता.

"पुरे कर गं," आवाज पुन्हा म्हणाला. "थंडी वाजते."

मी झाकणावरचा हात काढला नाही. "अजून थोडं बोल," मी म्हटलं.